वेळ, वही, हवा, हळू

काड ताञी शेञाष माही.

हे वाक्य मराठी आहे. ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या फळ्यावर उन्हाळ्यात कधी ना कधी ते खडूने लिहिलेलं असतं: आज पाणी येणार नाही. शब्द तेवढेच, क्रम तोच, काना-मात्रा-वेलांटी जिथल्या तिथे. बहुतेक अक्षरांनी मात्र आपापल्या जागा बदलल्या आहेत. प चा त झाला, ण चा ञ, य चा श, र चा ष, न चा म. एवढ्यानेच रोज डोळ्यांखालून जाणारं वाक्य अनोळखी होतं आणि आपण ते पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर लावून वाचायला लागतो.

गेले काही महिने मी माझी रोजनिशी अशी लिहिते आहे. ठाण्याहून तुर्भ्याला जाताना, ट्रान्स हार्बरच्या गाडीत, बहुधा चौथ्या सीटवर अर्धं टेकून. त्या वहीत लपवण्यासारखं काहीही नाही. गाडीची गर्दी, डब्यातली भाजी, ऑफिसातली बोलाचाली, काकीचा गुडघा. मला हवी होती ती एक अडचण. लिहिणं फार सोपं झालं होतं. दिवसभर पत्रं, अहवाल आणि ईमेल लिहिणाऱ्या हाताला वाक्यं पाठ होतात. पहिला शब्द पडला की शेवटचा आपोआप येतो, आणि मधे जे येतं ते आपण पाहिलेलं नसतं, आधी कुठेतरी वाचलेलं असतं. 'वातावरण प्रसन्न होतं.' 'मन भरून आलं.' 'काहीतरी हरवल्यासारखं वाटलं.' माझ्या जुन्या वह्यांत अशी वाक्यं पानोपानी आहेत, आणि ती वाचून मला त्यातला एकही दिवस आठवत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अक्षरं फिरवायचा तक्ता माझा नाही. कामसूत्रातल्या 64 कलांच्या यादीत म्लेच्छितविकल्प नावाची एक कला आहे. ओळखीचे शब्द मुद्दाम दुर्बोध करून लिहिण्या-बोलण्याची. कामसूत्रावर यशोधराची जयमंगला ही टीका आहे, साधारण 13 व्या शतकातली. तिच्यात या कलेचे प्रकार दिले आहेत. एक कौटिलीय, एक मूलदेवीय. मूलदेव हा जुन्या संस्कृत कथांमधला नामांकित धूर्त. चोरीचं शास्त्रसुद्धा त्याच्या नावावर सांगतात. त्याच्या तक्त्यात अ आणि क यांची अदलाबदल होते. मग ख-ग, घ-ङ, च-ट, त-प, ञ-ण, न-म, य-श, र-ष आणि ल-स. च-ट आणि त-प या जोड्या मी पूर्ण वर्गांना लावल्या, म्हणजे छ-ठ, ज-ड, झ-ढ, थ-फ, द-ब, ध-भ. अ-क ची जोडी सगळ्या स्वरांना लावली: आ चा का, ई चा की, आणि उलट का चा आ. अदलाबदलच असल्यामुळे लिहायला आणि उलगडायला एकच तक्ता पुरतो. माझा वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलेला आहे. गुपित राखणाऱ्याला हे चाललं नसतं, मला चालतं.

व, ह आणि ळ यांना या तक्त्यात जोडीदार नाही. ते आहेत तसेच राहतात. त्यामुळे या तीनच अक्षरांचे शब्द सगळ्या उलथापालथीतून जसेच्या तसे बाहेर येतात: वेळ, वही, हवा, हळू. सगळं पान परकं झालेलं असतं आणि मधेच 'वेळ' तेवढा स्वच्छ वाचता येतो. काही शब्द बदलून दुसऱ्याच ओळखीच्या शब्दात जाऊन बसतात. मान लिहिलं की नाम होतं. लस लिहिली की सल. एका रविवारच्या नोंदीत 'बाजारातून मासे आणले' याचं 'दाडाषापूम नाले काञसे' झालं. खाडीकाठच्या शहरात राहणाऱ्या माणसाला मासे आणि नाले असे एकमेकांच्या जागी बघून बरं वाटत नाही. मी तेवढ्या दोन शब्दांवर बराच वेळ थांबले होते.

पण मला खरं सांगायचं आहे ते अर्ध्या क बद्दल.

क चा अ होतो. पूर्ण क असेल तर काहीच अडत नाही. लोकलचं 'सोअस' होतं. लिहिता येतं, सरावाने वाचताही येतं. अर्ध्या क चं काय करायचं? स्वर काही अर्धा होत नाही. फक्त, नक्की, शक्यतो, चक्क, लक्षात, अपेक्षा, प्रत्यक्षात, अक्षरशः या सगळ्यांत तो आहे, कारण क्ष म्हणजेही क् आणि ष च. अ चा पाय मोडून एखादं चिन्ह तयार करता आलं असतं. क्ष ला सरळ सूट देता आली असती. त्याआधी बघू तरी म्हणून मी एक दिवस असे शब्द गाळून लिहिलं, आणि मग सूट देण्याचा विचार सोडूनच दिला.

ती यादी पुन्हा वाचा. मी वाक्यांना टेकू म्हणून जे शब्द लावते ते जवळजवळ सगळे तिच्यात आहेत. 'नक्की' लिहिते तेव्हा मला बहुतेक वेळा खात्री नसते. 'अक्षरशः' नंतर येणारी गोष्ट तशी कधीच घडलेली नसते. 'शक्यतो' हा ऑफिसातून माझ्याबरोबर घरी आलेला शब्द आहे. तिथे तो कुणावर काही ढकलताना लागतो, रोजनिशीत त्याचं काहीच काम नाही. हे सगळे शब्द एका अर्ध्या अक्षरापाशी अडून राहिले आणि त्यांच्यावाचून वाक्यं उभी राहतात हे मला दिसलं. नुसती उभी राहिली नाहीत, ती माझी वाटायला लागली.

एका सकाळची नोंद मी दोन्ही प्रकारे लिहून ठेवली आहे. सरळ लिहिताना हाताने असं लिहिलं होतं: 'आज गाडीला नेहमीसारखीच गर्दी होती. खरं तर बसायला जागा मिळेल अशी अपेक्षा नव्हतीच, त्यामुळे शक्यतो दाराजवळ तरी उभं राहावं म्हणून मी पुढे सरकले. तेवढ्यात एका बाईंनी फक्त मानेने खूण केली आणि त्या नक्की मलाच बोलावताहेत का, हे बघायला मी मागे वळून पाहिलं.' मग तेच फिरवायला घेतलं. ऐरोली येईपर्यंत पहिलं वाक्यही झालं नाही. रबाळ्याला मी 'नेहमीसारखीच' खोडला, कारण तेवढी सगळी अक्षरं फिरवण्याइतकी ती गर्दी नेहमीसारखी होती का, असा प्रश्न पडला. घणसोलीपर्यंत जे उरलं ते असं: 'गर्दी होती. एका बाईने मानेने खूण केली. मी मागे वळून पाहिलं. मलाच बोलावत होती. ती सरकली. मी बसले.' शेवटची दोन वाक्यं वहीत 'पी लषअसी. नी दलसे.' अशी आहेत. पहिल्या नोंदीत ती बाई सरकल्याचं मी लिहिलंच नव्हतं. सगळी जागा माझ्या विचारांनी अडवली होती, आणि खच्चून भरलेल्या डब्यात एका अनोळखी बाईने मला जागा करून दिली, हे त्या सकाळी घडलेलं एकच काम राहून गेलं होतं.

नामंही अडतात. रिक्षा लिहिता येत नाही. मी 'शेअरने आले' लिहिते, ठाण्यात बोलतातही तसंच. डॉक्टर येत नाही, दवाखाना येतो. शुक्रवारच्या पानावर वार नसतो. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती अक्षर आणि वाक्य ही दोन नावंसुद्धा या लिपीत लिहिता येत नाहीत. 'करण्यात आलं' मात्र येतं, 'अषञ्शाप कासं' असं, पण एवढं लांबण लावताना हात विचारतो की केलं कुणी? मग त्या माणसाचं नाव लिहिणं सोपं पडतं.

पानं साठत गेली तशी आणखी एक गोष्ट दिसायला लागली. मराठीत सुटा ञ जवळजवळ भेटतच नाही, आणि ष संस्कृतातून आलेल्या शब्दांपुरता. माझ्या वहीत मात्र ही दोन अक्षरं सगळीकडे. कारण ञ म्हणजे ण: आणि, पण, म्हणून, कोण, पाणी. ष म्हणजे र. आपली भाषा कोणत्या अक्षरांवर चालते हे आपल्याला एरवी दिसत नाही, कारण ती अक्षरं ओळखीची असतात. 9 व्या शतकात बगदादच्या अल-किंदीने गूढलिपी फोडायची जी रीत लिहून ठेवली ती याच गोष्टीवर उभी आहे. त्याच भाषेतला एखादा लांबलचक उघडा मजकूर घ्यायचा, कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजायचं, मग बंद मजकुरातली चिन्हं मोजायची आणि जास्तीला जास्तीशी ताडून बघायचं. आपलं सगळ्यात सवयीचं अक्षर आपल्याला पकडून देतं. शब्दांचंही तसंच. माझ्या पहिल्या पानांवर 'गषं पष' इतक्या वेळा आलं होतं की ते काय आहे हे उलगडून बघावं लागलं. 'खरं तर'. आता ते येत नाही. त्यासाठी मनाला काही बजावावं लागलं नाही; परक्या वेषात ते दर चार ओळींनी समोर आलं तेव्हाच नकोसं झालं.

हा प्रयोग गद्याचाच आहे, हे मला कवितेकडे वळल्यावर कळलं. हे वाचा: शे षे शे षे तावला, पुसा बेपो तैला. तक्ता हातात न घेता ओळखता येतं ना? काना-मात्रा जागच्या जागी असल्यामुळे लघु-गुरू बदलत नाहीत, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी ठरलेलं एकच अक्षर येत असल्यामुळे यमकही टिकतं. अर्थ गेला तरी गाणं चालू राहतं. गद्याला असा आधार नाही. त्याच्याकडे क्रम आहे आणि नेमका शब्द आहे, दोन्ही झाकले की समोर राहते ती अक्षरांची रांग. म्हणून गद्य फिरवताना ते आतून कसं बांधलं आहे ते इतकं उघडं पडतं.

साधं, रोजचं मराठी गद्य गूढलिपीत घालण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे, आणि तिचा एक धागा ठाण्यात येतो. म्हाइंभटांचं लीळाचरित्र 13 व्या शतकाच्या उत्तरार्धातलं. चक्रधरस्वामी कुठे उतरले, काय जेवले, कुणाशी काय बोलले, हे सगळं माणसांना विचारून, आठवणी गोळा करून लिहिलेलं. छोटी वाक्यं, तोंडची भाषा. पुढे चक्रधरस्वामींच्या पंथाने, महानुभावांनी, आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांमध्ये उतरवल्या, पंथाबाहेरच्या हातांत त्या पडू नयेत म्हणून. सकळ, सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशी त्या लिप्यांची नावं. सकळ लिपी रवळोव्यासांच्या नावावर सांगतात. या पोथ्या पंथाबरोबर पार पंजाबपर्यंत गेल्या, आणि इकडे महाराष्ट्रात पंथाबाहेर कुणालाही त्या वाचता येत नव्हत्या. 20 व्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. त्याच काळात ठाण्याचे वि. ल. भावे महानुभाव वाङ्मयाच्या मागे लागले होते. 1893 मध्ये ज्यांनी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं तेच हे भावे. त्यांच्या महाराष्ट्र सारस्वताच्या 1919 च्या आवृत्तीत महानुभावांना आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात त्यांची जागा मिळाली.

मला या गोष्टीत अभिमान आणि हळहळ दोन्ही वाटतं, आणि हळहळ थोडी जास्त. पंथाला आपलं जपायचं होतं, ते त्यांनी जपलं. त्याबद्दल त्यांना बोल लावायचा मला अधिकार नाही. पण इतकं जिवंत, इतकं बोलकं गद्य मराठीच्या हाताशी शतकानुशतकं होतं आणि मराठी लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते वाचता आलं नाही. ते उघडं असतं तर आपलं गद्य कसं घडलं असतं, हा प्रश्न त्या ग्रंथसंग्रहालयात शिरताना दर वेळी माझ्या मनात येतो. माझी वही कुणी वाचली नाही तर कुणाचं काही जात नाही. तरी पुठ्ठ्यावरचा तक्ता मी खोडत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

ती वही पहिल्यांदा वाचली काकीने. मी शाळेत असताना शिकायला म्हणून काका-काकींकडे ठाण्याला आले ती इथलीच झाले. माझी आई गावी असते. वही जेवणाच्या टेबलावर होती. काकीने चष्मा लावला, दोन पानं चाळली आणि विचारलं, "ही कुठली भाषा गं?" मी म्हटलं, "मराठीच आहे. बघ लागते का." तक्ता दाखवला नाही. तिने वाचायला सुरुवात केली नाही, ओळींचे शेवट बघितले. "हे 'काहे काहे' सगळीकडे शेवटीच येतंय," ती म्हणाली. "हे 'आहे' असणार." अल-किंदीचं नाव तिने ऐकलेलं नाही. आ चा का झाला एवढं हाती आल्यावर ती 'काञि' वर गेली आणि तिथून ण मिळाला. पोळ्यांची कणीक मुरेपर्यंत निम्मा तक्ता तिने वर्तमानपत्राच्या कडेला लिहून काढला होता.

काकी लहानपणी बहिणींबरोबर च च्या भाषेत बोलायची. चलातु चयका चहिजेपा: तुला काय पाहिजे. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी च बसवायचा. अशा युक्त्या आपल्याकडे खूप. करपल्लवीत तर बोलायचंही नाही, हातानेच सांगायचं: सापाच्या फण्याची खूण म्हणजे स्वर, कमळ म्हणजे क वर्ग, चक्र म्हणजे च वर्ग, टंकार म्हणजे ट वर्ग, आणि मग वर्गातलं कितवं अक्षर ते बोटांनी. मी काकीला विचारलं, बोलताना आधी मराठी वाक्य मनात करायचीस आणि मग फिरवायचीस का? "फिरवायला वेळ कुठे होता," ती म्हणाली, "आई आतून ऐकत असायची. तोंडातून तसंच यायचं."

मग तिने एक पान पुढे केलं. तिला वाटलं होतं की मी एक शब्द उघडाच ठेवला आहे, कारण जवळजवळ प्रत्येक पानावर 'आई' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. आईचा गुडघा, आईने डबा भरला, आई गच्चीवर गेली. "तुझी आई कधी आली होती गच्चीवर?" मी काही बोलायच्या आत तिचं बोट वर्तमानपत्राच्या कडेवर गेलं. आ चा का. ई चा की. तिने दोन्ही अक्षरं पुन्हा ताडून बघितली. "हे तू मुद्दाम केलंस?" मी म्हटलं, "नाही काकी, तक्त्यातच आहे तसं." "बरं," म्हणाली, आणि पुढचं पान मागितलं. त्या दिवसापासून ती तो शब्द तेवढा तसाच वाचते, उलटा फिरवत नाही. मीही तो लिहिताना तक्त्याकडे बघत नाही.

तिच्या त्या 'तसंच यायचं' नंतर माझा प्रयोग बदलला. आता मी आधी सरळ लिहून मग फिरवत नाही, थेट फिरवलेलंच लिहिते. फार कमी लिहून होतं. काहे, होपं, तञ, माही हे शब्द आता त्याच रूपात सुचतात. बाकीच्यांसाठी थांबावं लागतं. वाक्यं दोन-तीन शब्दांची होतात. आणि जिथे पर्याय असतो तिथे हात सोपी वाट शोधतो, व, ह, ळ यांच्याकडे वळतो. 'सावकाश' सुचण्याआधी 'हळू' येतं. 'वारा' सुचण्याआधी 'हवा'. म्हणजे टेकूचे शब्द गेले तरी नव्या सवयी लागताहेतच, या लिपीच्या. त्या चांगल्या की वाईट हे ठरवायला मला अजून काही वह्या लागतील.

ज्यांना करून बघायचं असेल त्यांच्यासाठी तक्ता वर दिलाच आहे. कवितेपासून सुरुवात करू नका, तिला काहीच होत नाही. पत्र किंवा निबंधही नको. कालच्या दिवसातली एखादी नोंद घ्या, कुणाशी काय बोललात, काय खाल्लंत, घरी कसे आलात. वेग वाढवायचा प्रयत्न करू नका. अर्धा क आडवा आला की त्याच्यासाठी चिन्ह बनवण्याआधी तो शब्द वगळून वाक्य एकदा मोठ्याने वाचा. आणि तुमच्या घरात च ची भाषा बोलणारं कुणी असेल तर वही टेबलावर उघडी ठेवा.